दादांच्या स्कूटरवरचा पोचा

जुनी स्कूटर खोलून परत जोडली की एक-दोन नट उरतातच. कुठले, ते कुणालाच सांगता येत नाही. गाडी तर मस्त चालू असते! मग ते नट आम्ही बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकतो. भिवंडीतल्या आमच्या स्कूटरवेड्या कंपूचे किस्से असेच साठलेत. आज डबा हलवलाच आहे, तर ऐका.

कंपू फार मोठा नाही. माझा नवरा मिलिंद, नोकरी विजेच्या ऑफिसात, जीव सगळा कार्बोरेटरमध्ये. टेमघरचा बबन पाटील, ज्याच्या शेतावर आता गोदामं उभी आहेत आणि त्यातल्याच एकाच्या मागच्या शेडमध्ये आमचा अड्डा भरतो. नारपोलीचे हनीफ चाचा, डेंटर, म्हणजे चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणारे. आणि मी उज्ज्वला गायकवाड, पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. मी या कंपूत आले ती भांडायला!

* * *

झालं असं, की मी ड्युटीवरून घरी आले तर गॅसवर माझं दुधाचं पातेलं, वर झाकण. म्हटलं, अरे वा, आज नवऱ्याने चहा टाकला! झाकण उघडलं तर आत कार्बोरेटर उकळतोय.

"अगं, मळ सुटतो त्याने," मिलिंद म्हणाला. आणि वर, "दूध दुसऱ्या भांड्यात काढलंय ना!"

मी तेच पातेलं फडक्यात धरलं, रिक्षा केली आणि टेमघरच्या शेडवर जाऊन बबनच्या पुढ्यात आदळलं. "बबनभाऊ, हे तुमच्याकडेच ठेवा! आणि माझा नवरापण ठेवून घ्या!"

बबन हातातला पाना तसाच धरून उभा. हनीफ चाचांनी मात्र शांतपणे कार्बोरेटर बाहेर काढला, उजेडाकडे धरला आणि एक डोळा मिटून बघितलं. "बेटी, ये बारीक छेद बंद है. तेरे पास सिरिंज होगी?"

लॅबवालीच्या पर्समध्ये सिरिंज नसणार तर काय असणार? कोरी सिरिंज काढली, पेट्रोल भरलं आणि त्या छिद्रातून दाबलं. पलीकडून बारीक धार आली. काय सांगू, इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढा आनंद कधी झाला नव्हता! संध्याकाळी ती स्कूटर फटफटायला लागली आणि माझ्याच तोंडून निघून गेलं, "आता पुढची कुठली?"

पातेलं अजून तिथेच आहे. त्यात ग्रीस असतं.

* * *

या स्कूटरना पेट्रोलमध्ये मोजून ऑइल घालावं लागतं. मिलिंद अंदाजाने ओतायचा आणि मग आम्ही धूर सोडत जायचो. मी शिस्त लावली. लॅबमधल्या टाकून द्यायच्या कोऱ्या बाटल्या आणल्या, सॅम्पलच्या, बाजूला मापाच्या रेघा असलेल्या. प्रत्येकीत माप भरून ऑइल, वर झाकण घट्ट.

धामणकर नाक्यावर ट्रॅफिक हवालदाराने आम्हाला थांबवलं. कागद बघितले, मग डिकी उघडायला लावली. आत ओळीने सॅम्पलच्या बाटल्या, त्यात हिरवंगार ऑइल.

हवालदार एक पाऊल मागे सरकला. "मॅडम, हे कुणाचं?"

"हिचं," मी स्कूटरच्या सीटवर हात ठेवून म्हटलं.

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं, मग मिलिंदकडे. आणि अगदी हळू आवाजात मिलिंदला म्हणाले, "साहेब, जा तुम्ही. काळजी घ्या यांची."

* * *

आमच्यात एक रीत आहे. स्कूटरला कंपनीच्या नावाने कुणी हाक मारत नाही. पहिला मालक जो असेल त्याचं नाव. आणि गाडी तयार झाली की पहिली फेरी त्या मालकाची. मालक नसेल तर त्याच्या घरच्याची. भंगारातून गाडी आणली तरी आम्ही आधी मालक शोधतो, मग स्पेअर पार्ट. ही रीत बबनने घातली.

पेडणेकर बाईंची स्कूटर तयार झाली तेव्हा बाई शाळेतून रिटायर होऊन जमाना झाला होता. गुडघे दुखतात म्हणून रिक्षातून आल्या. सगळं अंग टाकून गाडी एका बाजूला कलंडवली, परत सरळ केली, म्हणाल्या, "ही अशीच उठते, आळशी!" एका किकमध्ये चालू केली आणि गेल्या.

गेल्या त्या गेल्याच! आम्हाला वाटलं, शेडभोवती एक गोल मारतील. वेळ जायला लागला तसा मिलिंद रस्त्यापर्यंत जाऊन बघून आला. चाचा दुआ मागायला लागले. बबन गाडी काढून शोधायला निघणार, तेवढ्यात बाई आल्या. हँडलला दोन पिशव्या.

"नाक्यावर मेथी चांगली होती," बाई म्हणाल्या. "हातात गाडी आहे तर म्हटलं घेऊन टाकू." आणि मग सीटवर बसल्या बसल्याच रडायला लागल्या. आम्हीही सगळे रडलो. मेथी मी निवडली.

* * *

आता माझीच फजिती सांगते, नाहीतर मिलिंद सांगेल. मला गिअरची स्कूटर चालवता येत नाही. सगळं करते, कार्बोरेटर खोलते, किक मारते, पण क्लच सोडायचा म्हटलं की माझं आणि गाडीचं जमत नाही.

मिलिंदने एकदा मैदानात शिकवायला नेलं. "हळू सोड, हळू सोड!"

"हळूच सोडतेय!" असं म्हणेपर्यंत स्कूटर घोड्यासारखी पुढचं चाक उचलून धावली आणि थेट लग्नाच्या मांडवात. आचारी कढईसकट बाजूला झाला म्हणून बरं! मांडवातल्या म्हाताऱ्या बाईने मला विचारलं, "मुलीकडच्या का मुलाकडच्या?"

त्या दिवसापासून कंपूत कुणीही मला चावी देत नाही. मीही मागत नाही. राग येतो, पण नाही मागत.

* * *

हनीफ चाचांचा एकच अभिमान. त्यांनी काढलेला पोचा कुठे होता, ते कुणाला सापडत नाही. काम झालं की ते गिऱ्हाइकाला डोळे मिटायला लावतात. "आँख धोका खाती है. आँख बंद करो, हाथ फिराओ."

तळहात पत्र्यावरून फिरवायचा आणि पोचा कुठे होता ते सांगायचं. आजवर कुणीही सांगू शकलेलं नाही. एका गोदामवाल्याने तर भलत्याच ठिकाणी बोट ठेवलं आणि "इथे अजून लागतंय" म्हणून हुज्जत घातली. चाचा म्हणाले, "सेठ, वो तो हेडलाइट का स्विच है!"

* * *

आता बबनच्या वडिलांचं. त्यांना अख्खं टेमघर दादा म्हणतं.

दादा मोरीत पडले आणि कंबरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले आता चाला. दादा चालेनात. खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसायचे. बबनची बायको जेवणाचं ताट हातात घेऊन विनवायची, बबन पाया पडायचा. दादा उंबरठा काही ओलांडेनात.

"कुठं जाव?" दादा म्हणायचे. "शेतात गोदाम, रस्त्यावर कंटेनर. माझा कोन हाय भायेर?"

डॉक्टरांनी बबनला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, असेच बसून राहिले तर पाय जातील, आणि मग माणूसही फार दिवस राहत नाही. बबन शेडवर आला आणि टायरवर बसून लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. मग डोळे पुसून म्हणाला, "वहिनी, दादांची स्कूटर शोधायची. पहिली फेरी त्यांची. त्यासाठी तरी उठतील."

दादांची स्कूटर म्हणजे आकाशी रंगाची, जीप आल्यावर विकून टाकलेली. दादा हट्टी, हे सगळ्यांना माहीत. जुनं घर पाडून बंगला बांधला तेव्हा अंगणाच्या तोंडाचा एक जुना दगडी खांब त्यांनी पाडू दिला नाही. मध्येच उभा! बबनच्या गाडीची एकही बाजू त्या खांबाने सोडलेली नाही. तरी दादांचं एकच, "ऱ्हाऊ दे त्याला."

स्कूटर सापडली पडघ्याच्या बाजूला, एका दूधवाल्याच्या गोठ्यामागे. नंबर तोच. बबन नाचायचाच बाकी! डिकी उघडली तर आत कोंबडी, अंड्यांवर बसलेली. दूधवाल्याची आई पुढे आली. "खुडूक हाय ती. पिलं निघाली का न्या."

आम्ही थांबलो! काय करणार? बबन रोज फोन करून विचारायचा, "निघाली का? सगळी सुखरूप?" त्याच्या गोदामातल्या हमालांना वाटलं घरात कुणी बाळंत होतंय, त्यांनी पेढे मागितले. बबनने दिले.

* * *

मग आम्ही सगळे त्या स्कूटरला लागलो. मिलिंदने रजा टाकून इंजिन बांधलं. मी कार्बोरेटर केला. डाव्या बाजूला, डिकीच्या फुगीर पोटावर, तळहाताएवढा जुना पोचा होता. बबन म्हणाला, "हा लहानपणापासून बघतोय मी. दादांनी चिकटपणा करून कधी काढला नाही." हनीफ चाचांनी तो असा काढला, असा काढला, की आम्ही सगळ्यांनी डोळे मिटून हात फिरवला आणि कुणालाच काही लागलं नाही. वर आकाशी रंग. इतकं सुंदर काम चाचांनी आयुष्यात केलं नव्हतं.

स्कूटर बंगल्याच्या अंगणात उभी केली. बबन आत गेला. खूप वेळाने दादा वॉकर धरून उंबरठ्यापर्यंत आले, आणि तिथेच थांबले.

"कोनाची हाय?"

"तुमची, दादा!"

"आन हिकडं."

बबनने स्कूटर पायरीला लावली. दादांनी वाकून डाव्या बाजूवर हात ठेवला. फिरवला. परत फिरवला.

"माझी न्हाय," म्हणाले आणि वळले.

"दादा, नंबर बघा! तुमचीच आहे! इथे पोचा होता तो काढला, एवढंच!"

दादा थांबले. "कोनाला इचारून?"

दादांचा आवाज फाटला. "तो पोचा तुझ्या आयचा व्हता, बबन. तुझ्या जन्माआधीचा. मना शिकव म्हनाली चालवाया. शिकवली. पयल्याच दिशी नेऊन घातली ती खांबाला! आनि हसाया लागली. जमिनीवर बसून हसली. म्हनाली, आता ही गाडी माझी पन झाली. काढू नको हा."

बबनची आई जाऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. बबन खांबाकडे बघत राहिला. हनीफ चाचा मटकन पायरीवर बसले. "या अल्लाह. मैंने भाभी को मिटा दिया."

मग ते उठले, पिशवीतून हातोडी काढली, पत्र्यासमोर उभे राहिले. हात वर गेला. खाली येईना. "पोचा काढायला सांगा, बेटी. करायला नहीं होता. और हथौड़ी का निशान अलग, पत्थर का अलग. ये पहचान लेंगे."

दादांनी अंगणातल्या सगळ्यांवरून नजर फिरवली. "तुमच्यात चालवता कोनाला येत न्हाय?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मेले!

"हिला," मिलिंद म्हणाला. "अजिबात येत नाही."

"मंग हीच पायजे," दादा म्हणाले. "बस, बाय. आनि बिरेक नको धरू."

मी सीटवर बसले. मिलिंदने किक मारली. अंगणाच्या दुसऱ्या टोकाहून मी खांबावर नजर लावली, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि काय सांगू! आयुष्यात पहिल्यांदा गाडी झटका न खाता सरळ निघाली. खांबाच्या बाजूने, अगदी नेमकी, फाटकातून बाहेर! मांडवात नाही, कुठेच नाही! मी बाहेर रस्त्यावर चक्क वळवली आणि परत फिरले. एवढा आनंद झाला, एवढा, की मान वळवून ओरडले, "मिलिंद, बघ! आली मला!"

धाड!

गाडी डाव्या पोटाने खांबाला टेकून बंद पडली. मी सीटवरच. चाचांनी दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतलेले. आणि दादा हसत होते. आवाज न करता, खांदे हलवत हसत होते.

मग त्यांनी वॉकर उचलला आणि उंबरठ्याच्या पलीकडे टेकवला. पायऱ्या उतरले. बबन धरायला धावला तर त्याचा हात झटकला. अख्खं अंगण चालत खांबापर्यंत आले. डोळे मिटले आणि तळहात पत्र्यावर ठेवला.

"वाईच वर बसला," म्हणाले. हात तिथेच होता. "पन ऱ्हाऊ दे. बबन, किक मार."