दहा बाय दहाच्या खोलीत बाहेरचा स्पीकर

पप्पांना भजनं ऐकायला ब्लूटूथ स्पीकर हवा होता. कॉलेजातल्या मुलांना विचारून मी ठरवलं होतं की आमच्या एका खोलीला लहानच पुरे, त्याचा आवाज स्वच्छ असतो. मोठा बाहेर ट्रिपला न्यायचा. दुकानदाराने लहान लावला. पप्पा म्हणाले, "चालू तरी करा की राव."

तो चालूच होता.

दुकानदार हसला. "काका, तुम्हाला वरातीचाच लागतोय." पप्पाही हसले. मला मात्र संताप आला.

पप्पा चाकणच्या एका कंपनीत प्रेसवर आहेत. तिथे शिफ्टभर पत्रा ठोकला जातो. आवाज अडवायला कानात घालायचे प्लग फक्त तपासणीला माणसं येतात त्या दिवशी वाटतात आणि ती गेली की परत घेतात. हे पप्पा घरी गंमत म्हणून सांगायचे. आम्ही हसायचो.

शेवटी मोठाच घेतला. परवा पप्पांची भजनं चालू होती, तेव्हा शेजारच्या काकू दारात आल्या. "कॉलेजात जातोस ना? मग आवाज कमी कर की."

मी केला नाही. त्यांचं बरोबर असेलही. पण इतकी वर्षं त्या कंपनीच्या दारात जाऊन हे कुणीच का सांगितलं नाही?