हळदकुंकू लावलेला मायक्रोवेव्ह

गेल्या गुरुवारी लंच ब्रेकमध्ये फोन उघडला, तर आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझाच मायक्रोवेव्ह! खाली कचऱ्याच्या बिन्सच्या शेजारी अनाथासारखा ठेवलेला... आणि त्याच्या अंगावर हळदकुंकवाची ठळक बोटं.

आम्ही लंडनमधल्या हॅरोत दुसऱ्या मजल्यावर राहतो. दर दसऱ्याला माझा नवरा मिलिंद घरातल्या सगळ्या मशिन्सची पूजा करतो, अगदी केर काढायच्या हूव्हरचीसुद्धा. लावलेलं कुंकू पुसायचं नाही, हा त्याच्याच घरचा नियम, बरं का...

तर आदल्या आठवड्यात मायक्रोवेव्हमधून ठिणग्या उडाल्या आणि तो बंदच पडला. आमच्या इथल्या टिपवर, म्हणजे कौन्सिलच्या कचरा डेपोत, गाडीशिवाय आत घेत नाहीत, आणि गाडी आम्ही केव्हाच विकली. जुनं सामान उचलून नेणारा व्हॅनवाला मागेल ते द्यायची माझी तयारी नव्हती. मिलिंदचं म्हणणं, बिन्सपाशी ठेवू, कोणीतरी नेतंच. मी साफ नाही म्हटलं.

कारण मागच्याच महिन्यात तिथे कोणीतरी गादी टाकली होती. तेव्हा ग्रुप चालवणाऱ्या, तळमजल्यावरच्या रिटायर्ड गोऱ्या केनने लिहिलं की काही लोकांना बिन वापरायचं वळणच नसतं. 'काही लोक' म्हणजे कोण, हे न कळायला आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत? माझं डोकंच फिरलं. आमच्या घरातून असं काही कधी बाहेर पडलेलं नाही आणि पडणारही नाही, असं मी सगळ्यांसमोर ठणकावलं होतं.

आणि आता हे...

मिलिंदला फोन लावला. मी कामाला निघाल्यावर त्याने गुपचूप खाली नेऊन ठेवला होता. वर मलाच सल्ला, की ते कुंकू आहे हे इथे कोणाला कळतंय, तू गप्प बस.

आणि खोटं कशाला सांगू... दोन मिनिटं मी गप्प बसले.

तेवढ्यात केनचा पुढचा मेसेज आला, पहिल्या मजल्यावरच्या हंसाबेनना टॅग करून. तुमच्या दारावर असेच लाल ठिपके असतात, मग हा मायक्रोवेव्ह तुमचाच ना?

हंसाबेन सत्तरीच्या आहेत, एकट्या राहतात. इंग्लिशमध्ये लिहायला त्यांना वेळ लागतो. त्या टाइप करतायत असं दिसायचं, थांबायचं, परत दिसायचं...

मी सरळ लिहिलं, "तो मायक्रोवेव्ह आमचा आहे, फ्लॅट नाइनचा. चूक आमची, आज संध्याकाळी मी तो वर नेणार आहे. आणि केन, पुढच्या वेळी कोणाचं नाव घेण्याआधी त्यांच्या दाराची बेल वाजवा."

संध्याकाळी मुद्दाम सगळे कामावरून परततात त्याच वेळी खाली गेले. केन खिडकीत उभाच होता. त्याच्यासमोरून ते धूड दोन्ही हातांनी उचलून आणलं, मान अजिबात खाली न घालता. हंसाबेन बिल्डिंगचं दार धरून उभ्या होत्या. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला... तिथे मात्र माझे डोळे भरून आले.

शनिवारी भाजीच्या ट्रॉलीत घालून, बसने दुकानात. ट्रॉली अर्थातच मिलिंदने ओढली! इथे मोठ्या दुकानातून नवा घेतला की तसाच जुना त्यांनी फुकट परत घ्यायचा असतो, हे मी आदल्या रात्री वाचलं होतं. काउंटरवरच्या मुलीला ते माहीतच नव्हतं. मी म्हटलं, काही घाई नाही, मॅनेजर येईपर्यंत थांबते... आणि थांबले. मॅनेजर आला, त्याने मुकाट्याने जुना आत नेला, एक पेनीही जास्त न घेता.

आमचीच चूक होती, आमचीच म्हणून सांगितली, त्यात लाज कसली? लाज वाटते ती त्या दोन मिनिटांची.

नवा घरी आल्या आल्या मिलिंदने हळदकुंकवाची बोटं ओढली. ओढू दे बापडा. मागच्या बाजूला मी परमनंट मार्करने चांगल्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय... फ्लॅट नाइन.

टाका आता फोटो.