अनसूयाचं शेवटचं कडवं

भिंगारच्या स्टुडिओतल्या बंद खोलीत काचेपलीकडून अनसूयाचा आवाज येत होता. उन्हात करपलेल्या बाजरीच्या रानासारखा तो खरखरीत आवाज जुन्या रेडिओवरची चांदण्यांची, पत्रांची, पहिल्या भेटीची गाणी गात होता. किती गोड गात होती! आणि मला ते ऐकवत नव्हतं.

मिरजगावच्या या बाईनं जन्मभर स्वतःची गाणी रचली. मग उतारवयात परक्यांच्या गाण्यांचा अल्बम कशासाठी? काढणारे म्हणाले, लोकांना ओळखीचं हवं. अहो, तिची गाणी तर तुमच्याही ओळखीची आहेत. ती तिची आहेत हे तेवढं तुम्हाला ठाऊक नाही. त्याला कारण मी.

आमच्याकडे गाणं रचणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो. तोच त्याचा सातबारा. तिची पहिली कॅसेट निघाली तेव्हा पेटीवर मी होतो, चालीही मीच बसवलेल्या. मी तिला म्हणालो, टेप पुरत नाही, शेवटची कडवी गाळू. तिनं मान डोलावली. मास्तरावर संशय कोण घेणार? टेप पुरून उरत होती. गावोगाव तिचंच नाव घुमणार आणि पेटीवाल्याला कोणी विचारणार नाही, एवढंच मला सोसवत नव्हतं. वेष्टनासाठी गीतकाराच्या जागी मी 'पारंपरिक' असं लिहून दिलं, आणि एका शब्दात जिवंत बाई पूर्वजांत जमा झाली.

चहाच्या वेळी मी तिच्यापुढे बसलो. म्हणालो, "अनसूया, तेव्हा टेप उरली होती गं."

ती बशीवर फुंकर घालत राहिली. "म्हाईत हाय, मास्तर. गानी संपल्यावर टेप किती येळ नुसतीच सुर्र फिरायची. घरी लावली तवाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी पेटी मिटली असती तर म्या कुनाच्या सुरावर गायचं?" मग हसली. "आन् आता सांगताय व्हय, दात पडल्यावर!"

तेवढ्यात स्टुडिओवाला म्हणाला, "बाई, गीतकारांची नावं नाही घातली तरी चालेल. एवढी जुनी गाणी, कोण विचारतंय?"

"न्हाई. आदी नावं लिवा." तिला अक्षरओळख नाही, पण एकेका गाण्याचा कवी तिनं आडनावासकट, न अडखळता सांगितला, आणि सगळी नावं त्याच्याकडून परत वाचून घेतल्यावरच ती उठली.

म्हणून आज लिहितो. कर्जतकडच्या लग्नांत हळदीला जे वाजतं, ऊसतोडीची टोळी निघताना बाया जे गातात, ते अनसूयाचं आहे. ती गाणी रचली जाताना पाहिलेल्यांपैकी आता मी एकटाच उरलो आहे. आणि मी सांगितलेल्या नावावर कोणी का विश्वास ठेवावा?