उसनं नाक

हे मी घरी बोललेलो नाही. दोन पेग जास्त झाले तेव्हाही कुणाजवळ बोललो नाही. बायकोला वाटतं, तिला माझं सगळं ठाऊक आहे — हे नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि एक आधीच कबूल करतो: सांगताना मध्येच माझा आवाज चढेल. लाजेनं नाही, आनंदानं. त्याला माझा इलाज नाही.

सिगार ओढून तिचा निवाडा देणं हे माझं काम. फणसवाडीतल्या एका कारकुनाच्या मुलाचं! वडिलांना शेवटपर्यंत मी 'हॉटेल लाइनमध्ये' आहे एवढंच माहीत होतं. परळला गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका टॉवरमध्ये सिगार ओढणाऱ्यांसाठी मोठं लाउंज आहे. तिथे नवा माल आला की आधी माझ्यासमोर यायचा. मी वरचं पान न्याहाळायचो, बोटांनी दाबून बघायचो, न पेटवता हुंगायचो, मग ओढून थोडा धूर नाकातून सोडायचो. आणि बोलायचो — देवदार, भिजवलेले बदाम, सुकं गवत. लोक डोळे मिटून ऐकायचे.

मग मला तो ताप आला. तेव्हा सगळ्यांनाच येत होता. ताप उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. अगदी पूर्ण. शेजारी दूध करपलं तरी कळेना. जिभेला कडू, गोड, खारट, एवढंच. लाउंज पुन्हा उघडलं तसा मी कामावर हजर झालो. कुणाला सांगितलं? नाही. पण ही माझी कबुली नव्हे. नोकरी जाण्याच्या भीतीनं आजार लपवणारे खूप असतात. माझी गोष्ट याच्या पुढे आहे — रोहिणीपाशी.

रोहिणी माझ्या हाताखाली होती. परळच्याच चाळीत वाढलेली. वडील पालिकेत, घरात शिरताच समोर बाबासाहेबांचा मोठा फोटो. हे आपलं काम आहे आणि आपण ते करणार, असं तिनं घरात सरळ सांगून टाकलं होतं. मला ते कधी जमलं नाही. तिला ओढता ओढता मोठ्यानं बोलायची सवय. "सर, ही ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते." "हिला मागून वेलची येते, बघा." मी मान हलवायचो. आणि तेच, जरा सजवून, इंग्रजीत मालकांपुढे मांडायचो. किती दिवस? वर्ष उलटून गेलं. तिला वाटायचं, आपलं नि सरांचं किती जुळतं!

आणि मग ती संध्याकाळ.

एक मोठा आयातदार सौम्य सिगारच्या पेट्या घेऊन आला होता. फिकट सोनेरी पान, भारीतला माल. कडक सिगार स्वतःच ओरडून सांगते. सौम्य सिगार कुजबुजते, म्हणून तिचा निवाडा सगळ्यात अवघड. झाडून सगळे सभासद जमले होते. मालक ओढून खूशही झाले होते — "लोणी आहे, लोणी!" आता फक्त माझा होकार हवा होता.

रोहिणीनं पेटीच्या खालच्या थरातली एक उचलली. हुंगली. पुन्हा हुंगली. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "सर, बुरशी आहे. बंद कपाटात ओल्या चपला राहतात ना, तसा वास. वरच्या ठीक आहेत. खालच्या गेल्यात."

मी ती नाकाशी धरली. काहीच नाही. काच हुंगावी तसं.

तिचं चुकलं असतं तर माझी नोकरी तिथेच संपली असती. पण मला शंका आली का? क्षणभरही नाही. स्वतःच्या नाकावर कधी नव्हता इतका माझा तिच्या नाकावर भरवसा होता.

मी ती सिगार टेबलावर ठेवली आणि उभा राहिलो. "ही मी पेटवणार नाही. ही आतून खराब आहे."

आयातदार हसला. "अहो, तुम्ही ओढलीसुद्धा नाही!"

"ओढायची गरज नाही."

काय वाक्य होतं! मी सुरी मागवली. सिगार उभी चिरली, पानं उलगडली — आत निळसर राखाडी लव. दुसरी चिरली. तिसरी. खालचा थर सगळा तसाच. खुर्च्या सरकल्या, माणसं उठली, टाळ्यांनी काचा थरथरल्या म्हणा ना. मालकांनी मिठी मारली. तो आयातदारसुद्धा माझा हात हातात घेऊन म्हणाला, असं नाक मी पाहिलं नाही. मला सांगा, आयुष्यात अशी संध्याकाळ किती जणांना मिळते?

रोहिणीही टाळ्या वाजवत होती. मालकांचं लक्ष गेलं. "हिलाही कळलं होतं का हो?"

मी म्हणालो, "ती अजून शिकतेय."

तिचे हात थांबले. एवढंच.

पुढे तिच्या बढतीचा विषय निघाला, तेव्हाही मी हेच म्हणालो. ती माझ्या बरोबरीला आली असती तर आम्हाला वेगवेगळं बसवून चाखायला लावलं असतं — मग माझं काय उरलं असतं? तिनं राजीनामा दिला. निरोपाला मी रजा टाकली.

काही महिन्यांनी दादरच्या बाजारात, एका जुडीवर वाकलो असताना, मला कोथिंबिरीचा वास आला. भर गर्दीत डोळ्यांतून पाणी. फोन खिशात होता, तिचा नंबर त्यात होता. तेव्हा तरी लपवण्यासारखं काय राहिलं होतं? मी दोन जुड्या घेतल्या आणि घरी आलो.

गेल्या हिवाळ्यात दक्षिण मुंबईतल्या एका हॉटेलात मोठी स्पर्धा झाली. नावाच्या पट्ट्या काढलेल्या सिगार, नुसत्या ओढून ओळखायच्या. रोहिणीनं एकेक ओळखत नेली. शेवटची, सगळ्यात सौम्य, तिथे बाकीचे अडले. तिनं पान कुठल्या मुलखातलं तेही सांगितलं. सभागृह उठून उभं राहिलं. माझ्या अंगावर काटा आला — आपलंच माणूस जिंकावं तसा.

तिच्या हातात माइक दिला. ती म्हणाली, "वास मला आधीपासून यायचा. पण मी कुजबुजायचे. सगळी खोली एका बाजूला असताना उभं राहून बोलायचं कसं, हे मी माझ्या सरांकडून शिकले. सर इथे बसलेत."

सगळे वळले. टाळ्या पुन्हा सुरू झाल्या, या खेपेला माझ्यासाठी.

मी उठलो. हात जोडले. ऊर भरून आला होता. टाळ्या थांबेपर्यंत मी उभाच राहिलो.