भागीदार पाहिजे

निधीसाठी केलेला अर्ज परत आला तेव्हा मी पेणच्या ऑफिसात डबा खात होते. लोहाच्या गोळ्या फुकट मिळूनही कातकरी वाड्यांमधल्या बायका त्या का घेत नाहीत, यावर आम्हाला संशोधन करायचं होतं. आम्ही म्हणजे मुंबईत बसणारे आमचे सर आणि वाड्या-पाड्यांतून फिरणारी मी. 'समाजाची भूमिका' या रकान्यात आम्ही बिनधास्त 'माहिती देणे' असं लिहिलं होतं. निधी देणाऱ्यांनी त्याखाली रेघ मारून बाजूला विचारलं होतं, 'मग भागीदार कुठे आहे?'

लगेच सरांचा फोन. "तुझी ती कोलाडकडची वाडी आहे ना? तिथून एक भागीदार बघ. शुक्रवारपर्यंत."

पेणहून पोह्याचे पापड घेऊन ये, असं सांगावं तसं ते म्हणाले. मीही "हो सर" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी कोलाडला उतरून, रिक्षाने डोंगराच्या पायथ्याशी जाऊन वाडी चढले.

वाडीत माझी ओळख होती ती एका मावशीशी. साठीची, काटक, वाडीतली निम्मी पोरं तिच्याच हातावर जन्मलेली. माझं माहेर रोह्याला लागून असलेल्या अष्टमीचं. रोह्याच्या बाजारात रानभाज्या विकायला ती यायची तेव्हापासून मी तिला बघत आले आहे. ती अंगणात जाळं दुरुस्त करत होती. मी शेजारी बसले आणि घसा साफ करून म्हणाले, "मावशी, तुम्हाला आमचं भागीदार व्हायचंय."

"म्हंजे काय करायचं?"

मी समजावलं. समान सहभाग, परस्पर विश्वास, एकत्र निर्णय. माझं मलाच छान वाटत होतं.

ती म्हणाली, "आमी बी खेकडं धराया भागीदारीनं जातो. एकानं दगड उचलायचा, दुसऱ्यानं बिळात हात घालायचा. तुमच्यात हात कोन घालनार?"

मी वहीचं पान उलटलं.

"तुजा सर उचलतो काय दगड?"

"ते मुंबईला असतात."

"मंग त्याला हितं आन. सगल्या बायका जमू दे. मंग बोलू."

सर आले. पांढरे बूट घालून आले; ते घालू नका, हे मी त्यांना आधी सांगायला हवं होतं. चढणीवर दोनदा बसले, पण आले. समाजमंदिरात वीस-पंचवीस बायका होत्या आणि दाराशी हसणारे पुरुष. गोळ्या वाटणारी आशाताईही होती. ती वाडीचीच, मावशीची भाची. सरांनी अभ्यासाची माहिती दिली. बोटातून थेंबभर रक्त घेऊन हिमोग्लोबिन तपासणार, मग प्रश्न विचारणार, असं ते म्हणाले.

मावशी उठली. "पयल्यानं तुमचं घ्या."

सरांना वाटलं ती गंमत करतेय. ती गंमत नव्हती. आशाताईने पिशवीतून यंत्र काढलंसुद्धा. सरांनी हात पुढे केला आणि डोळे गच्च मिटून छताकडे तोंड केलं. एक लहान मुलगी त्यांना म्हणाली, "रडू नको हां." त्यांचं हिमोग्लोबिन ठणठणीत निघालं.

मग माझी पाळी. आशाताईने यंत्रावरचा आकडा पाहिला, पुन्हा पाहिला, आणि मावशीच्या कानात काहीतरी सांगितलं. मग मावशीचं बोट टोचलं. दोन्ही आकडे मोठ्याने वाचले गेले. माझं रक्त मावशीपेक्षा चांगलंच कमी होतं. वाडी अशी हसली की बाहेरच्या कोंबड्या पांगल्या.

"तुला गोळ्या देतात का नाय गो?" मावशीने विचारलं.

"देतात. घरी आहेत."

"खात का नाय?"

माझ्या मांडीवर मी स्वतः तयार केलेली प्रश्नावली होती. आशाताईने ती उचलली आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. "गोळी विसरता की मुद्दाम टाळता?"

"टाळते," मी म्हणाले.

"कारण सांगा."

"मळमळतं. तोंडाला गंजल्यासारखी चव येते."

"शौचास त्रास होतो का? काय प्रकारचा?"

शेजारी सर बसले होते. मी त्यांच्या बुटांकडे पाहत म्हणाले, "होतो. पुढचा प्रश्न घे."

"गोळ्यांचे महत्त्व तुम्हाला समजलेले आहे का?"

हा प्रश्न लिहिताना मला तो फार साधा वाटला होता. आता तो कानावर आला तेव्हा गाल तापले. सोळा वर्षं हेच महत्त्व मी दुसऱ्यांना सांगत फिरत होते.

"तुजं काय, नि आमचं काय येगलं?" मावशी म्हणाली, आणि खाली बसली. या वेळी कुणी हसलं नाही.

मग मागून एक तरुण बाई बोलली. तिच्या मांडीवर बाळ झोपलेलं होतं. "आनि दिवाली झाली का आमी वीटभट्टीवर जातो. पाऊस लागला का परत येतो. गोली हितं येते, आमी तितं. ते तुमच्या कागदात नाय."

खरंच नव्हतं. एवढ्या वर्षांत दिवाळीनंतर वाडी रिकामी दिसली की मी वहीत 'घर बंद' लिहून पुढे जायचे.

सर म्हणाले, "भट्ट्या आपल्या अभ्यासक्षेत्राच्या बाहेर आहेत."

"मंग आमी बी बाहेर," मावशी म्हणाली आणि चहा ठेवायला सांगितला.

चहा होईपर्यंत सर कागदावर काहीतरी खोडत बसले. मला वाटलं, रागावले. पण त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला, तेव्हा वरचा प्रश्न बदललेला होता. 'बायका गोळ्या का घेत नाहीत' च्या जागी 'भट्टीच्या महिन्यांत बायकांच्या तब्येतीकडे कोण बघतं' असं होतं. मी तो वाचून दाखवला. बायकांनी आपसात बराच खल केला आणि 'बायकांच्या' पुढे 'नि पोरांच्या' घालायला लावलं.

निधी देणाऱ्यांची मुलाखत व्हिडिओ कॉलवर होती. वाडीत रेंज नाही, म्हणून मावशी आणि आशाताई पेणला आमच्या ऑफिसात आल्या. पडद्यावर तीन माणसं, सगळं इंग्रजीत. त्यांनी विचारलं, "या अभ्यासातून तुमची अपेक्षा काय?"

मावशी म्हणाली, "रक्त घेतलं का त्याच दिवशी सांगायचं, कमी का जास्त. आनि छापायच्या आदी आमाला वाचून दाखवायचं."

सरांनी भाषांतर केलं. बराच वेळ केलं.

"सर," मावशीने त्यांच्या दंडाला हात लावला, "मी येवढं नव्हते बोलले."

पडद्यावरच्या एका बाईंना मराठी येत असावं. त्या मान खाली घालून हसत होत्या.

निधी मिळाला. मागितला होता तेवढा नाही. परदेशातल्या परिषदेला जायचा सरांचा प्रवास उडाला आणि भट्टीवर फिरणाऱ्या, वाडीच्याच दोन बायकांचं मानधन राहिलं. सर आठवडाभर कमी बोलले. मग त्यांनीच त्या दोघींना शिकवायला वाडी चढायला सुरुवात केली, जुन्या चपला घालून.

दिवाळीनंतर मी पहिल्यांदा भट्टीवर गेले. आशाताई आणि ती बाळवाली बाई विटांच्या थप्पीआड पाच-सहा जणींना घेऊन बसल्या होत्या. कुजबुज, हसणं, मधेच कुणीतरी डोळे पुसलेले. मी वही काढून जवळ गेले आणि बोलणं थांबलं.

आशाताई उठून माझ्याकडे आली. "ताई, वाईट नको वाटून घेऊ. तुझ्यासमोर नाय बोलत त्या. तितं सावलीत बस जरा."

मी सावलीत जाऊन बसले. क्षणभर वाईट वाटलंच. मग भट्टीवरच्या एका म्हातारीने कोरा चहा आणून दिला आणि विचारलं, "तू कोन? त्यांच्याबरोबर शिकाया आलीस काय?"

"व्हय," मी म्हणाले.