आठ हजार फूट आणि एक सोयरीक

रडारच्या पडद्यासमोर बसली की वसीलाचा आवाज कोरडा होतो, अशी तिची ख्याती होती आणि ती खरीच होती. ट्युनिशियाच्या किनाऱ्यावरच्या त्या विमानतळावर बाकीचे नियंत्रक रेडिओवर वैमानिकांशी दोन शब्द जास्तीचे बोलत. घरचं कसं काय, ऊन फार आहे, ईद कशी गेली. वसीला सलामाला सलाम करायची आणि लगेच उंची, दिशा, वेग. मिळालेली सूचना वैमानिकानं जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची, हा नियम जगभर आहे. पण आपल्या माणसांत एवढं कशाला, असं म्हणून तो नियम तिथे हळूहळू सैल झाला होता. वसीलापुरता झाला नव्हता, एवढंच.

ऑगस्टातल्या त्या दुपारी आकाश पर्यटकांच्या विमानांनी गजबजलं होतं. त्यात कॅप्टन लजहर पॅरिसहून परत येत होते. इथल्या वैमानिकांत सगळ्यांत ज्येष्ठ, आणि वसीलाचे होणारे व्याही. त्यांच्या स्लीमसाठी तिच्या रिहाबला मागणी घालायला ती मंडळी येत्या शुक्रवारी यायची होती. बोलणी झाली होती, सोयरीक पक्की करणारा फातिहा म्हणणं तेवढं उरलं होतं.

"आठ हजार फुटांपर्यंत खाली या," वसीलानं सांगितलं. त्यांच्या खालून एक जर्मन विमान सात हजारांकडे चढत होतं.

"हाजिर, लल्ला वसीला," लजहर म्हणाले. म्हणजे 'बरं, वसीलाबाई'; उंचीचा आकडा नाहीच.

"उंची सांगा."

"ऐकलं म्हटलं ना. घरी सगळे बरे?"

"उंची सांगा, कॅप्टन."

"सहा हजार. झालं समाधान?"

"चूक. आठ हजार. परत म्हणा."

मग लजहर "आठ हजार" म्हणाले, आणि पुढे उतरेपर्यंत कामापुरतंच बोलले. पण त्या लहरीवर जेवढी विमानं होती तेवढ्यांनी हे ऐकलं होतं. संध्याकाळपर्यंत विमानतळाच्या कँटीनमध्ये एक जण त्यांची नक्कल करत होता. "सहा हजार, बाई. नको? मग आठ घ्या."

दुसऱ्या दिवशी स्लीमचा रिहाबला फोन आला. बाबा येतील, पण तुझ्या आईनं माफी मागितल्याशिवाय फातिहा म्हणणार नाहीत.

वसीलाचा नवरा हशमी औषधांचं दुकान चालवायचा. गिऱ्हाइकाशी वाद घालू नये, हे त्याचं आयुष्याचं तत्त्वज्ञान.

"एक 'चुकलं' म्हण," तो म्हणाला. "जीभ झिजते का तुझी?"

"चुकलं कुणाचं?"

"ते कोण विचारतंय? पोरीचं लग्न आहे."

"उम्मी, तू नुसती गप्प बस," रिहाब आईला म्हणाली. "बाकी मी बघते."

"गप्प बसायचा पगार देत नाहीत मला."

बोलून गेली खरी, पण त्या दिवशी तिनं बदामाच्या वड्यांचं आख्खं तबक करपवलं. रिहाबनं आधी दोन स्थळं नाकारली होती. हा मुलगा तिनं स्वतः निवडलेला. ते मोडलं तर लेक तोंडानं काही बोलली नसती, आणि तेच जास्त वाईट. पण एकदा माफी मागितली की उद्या दुसरा कॅप्टन नुसतं "हाजिर" म्हणणार, आणि त्याला ती कोणत्या तोंडानं विचारणार?

शुक्रवारी मंडळी आली. लजहर कोटबिट घालून ताठ बसले. समोर ठेवलेल्या चहाला त्यांनी हात लावला नाही.

"नुकत्याच मिशा फुटलेल्या सहवैमानिकासमोर तुम्ही मला शाळकरी पोरासारखं घोकायला लावलंत," ते म्हणाले. "आधी त्याचं बोला."

"शब्द कडक लागला असेल तर माफ करा, सी लजहर," वसीला नावाआधी मानाचा 'सी' लावून म्हणाली. "विचारलं, त्याची माफी मागणार नाही. उद्या आलात तर उद्याही विचारीन."

हशमीनं डोळे मिटले.

लजहरांची बायको शदलिया इतका वेळ वड्यांचा समाचार घेत होती. नवऱ्यानं तिला अपमान झाला एवढंच सांगितलेलं. "विचारलं काय हिनं?"

"किती उंचीवर येताय म्हणून."

"मग सांगायचं."

"सांगितलं."

"काय सांगितलंत?"

लजहरांना खोटं बोलता येत नसे. त्यांनी टेबलाकडे बघितलं. "सहा हजार. त्या वळणावर नेहमी सहाच देतात. इतकी वर्षं सहाच."

"आणि ही काय म्हणाली होती?"

"आठ."

"आणि खाली काय होतं?"

"विमान," वसीला म्हणाली. "भरलेलं."

शदलियानं हातातली वडी बशीत ठेवली.

"लग्न झाल्यापासून मी या माणसाची वाट बघत बसते," ती वसीलाला म्हणाली. "कुठे चाललात, कधी येणार, विचारलं की 'बरं बरं' म्हणून निघून जातो. आमच्या घरात याला दुसऱ्यांदा विचारायची कुणाची छाती नाही. तुम्ही तिसऱ्यांदा विचारलंत, म्हणून हा इथे चहावर रुसून बसलाय. असं विचारणाऱ्या घराची सोयरीक मला सोडायची नाही."

"शदलिया, हा मानाचा—"

"मान घरी आला ना धडधाकट? मग फातिहासाठी हात उचला."

लजहरांनी एकदा मुलाकडे बघितलं. स्लीम मान खाली घालून बसला होता, पण त्याचे तळवे केव्हाच वर झाले होते. मग लजहरांनीही तळवे वर केले. फातिहा झाला. रिहाब आत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

लजहर चहा न पिताच उठले. राग गेला नव्हता; रागापायी लग्न मोडायचं नाही, एवढंच ठरलं होतं. वसीलाला तेवढं पुरे होतं. तिनं पाहुण्यांना दारापर्यंत पोचवलं आणि संध्याकाळच्या पाळीला निघून गेली.