मेटॅडोरमधली फळी

रिकामी गाडी रस्त्यावर काढायची नाही, हा आमच्या घरातला कायदा होता. कायदा बाबांचा. बोरगाव मेघेच्या पलीकडे आमचं भाजीपाल्याचं वावर होतं आणि दारात एक जुनी मेटॅडोर. सकाळी वांगी, फुलकोबी, सांबार म्हणजे कोथिंबीर भरून ती वर्ध्याच्या बाजारात जायची. येताना कुणाची ढोरांसाठी सरकीची ढेप, कुणाचं सिमेंट, कुणाच्या लेकीचं आंदणातलं कपाट, काहीतरी घेऊनच यायची. "रिकामी गाडी अन् रिकामा माणूस, दोन्ही घराले खातात," असं बाबा म्हणायचे. या वाक्याचा मला आजही राग येतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शेजाऱ्यांकडे नवा रंगीत टीव्ही आला होता. त्यावर एकदा मुंबईच्या एका थीम पार्कची जाहिरात लागली. पाण्याच्या घसरगुंड्या, किंचाळणारे पोट्टे, आणि मधोमध भला मोठा आकाशपाळणा. आई निवडत असलेली मेथी मांडीवर तशीच ठेवून बघत राहिली. घरी येताना म्हणाली, "पोट्ट्यायले नेलं पाह्यजे एकदा." पोट्टे म्हणजे मी, थोरली लेक, आणि माझा धाकटा भाऊ. आम्ही काही मागितलं नव्हतं हो. जायचं होतं तिला.

आईचं माहेर समुद्रपूरकडचं. लहानपणी जत्रेत ती एकदाच आकाशपाळण्यात बसली होती, लाकडी, हातानं फिरवायच्या. वरून तिला आपल्या घराचं छप्पर दिसलं होतं, आणि छपरावर वाळत घातलेली स्वतःची परकर-पोलकी. एवढंच. पण ते सांगताना तिचा चेहरा असा काही व्हायचा, की आम्ही पुन्हा पुन्हा सांगायला लावायचो. "त्या मुंबईच्या पाळण्यातून समुद्र दिसत असन, नाई?" ती विचारायची. बाबा चिडवायचे, "समुद्रपूरची हाय, अन् समुद्र नाई पाह्यला आजवर!"

हॉटेलात उतरायची आमची ऐपत नव्हती, आणि मुंबईत आमचं कुणी नव्हतं. मग आईनंच डोकं चालवलं. मेटॅडोर आहे नं घरची? तिच्यातच राहायचं, तिच्यातच रांधायचं, तिच्यातच झोपायचं. बाबा हसले. "चाकावरचं घर करून राह्यली का तू?" "हो, करून राह्यली," आई म्हणाली. सुताराला बोलावून तिनं गाडीच्या आतल्या बाजूला एक रुंद फळी बसवून घेतली, बिजागरीवर. वर उचलून दोरीनं बांधली की भाजी भरायला जागा मोकळी, खाली सोडली की पलंग. सुतारानं विचारलं, लांबी कुणाच्या मापानं? तिनं बाबांना उभं केलं. "यायच्या मापानं घ्या. मी काय, पोट्ट्यायले पायाशी घेऊन पाय दुमडून झोपन." मागच्या बाजूला स्वतःच्या हिरव्या लुगड्याचा पडदा शिवला. बाजारात लांबून येणाऱ्या ट्रक ड्रायव्हरांना गाठून ती सरळ विचारायची, अमरावतीच्या पुढं पाणी कुठं चांगलं, धुळ्याच्या अलीकडं कोणत्या पंपावर बायांसाठी संडास आहे. ते बिचारे लाजून इकडं तिकडं बघायचे. आई लाजायची नाही.

पण भाजीवाल्याला सवड कधी असते? भेंडी एक दिवस आड तोडली नाही तर निबर होते. एका उन्हाळ्यात विहिरीचा पंप बंद पडला, पुढच्या दिवाळीत कोबी ऐन भरात आली. जाणं लांबत गेलं. दर वेळी आई पडदा धुऊन, घडी घालून ठेवायची. शेवटी एका दिवाळीच्या सुट्टीत काकांनी वावराची जबाबदारी घेतली आणि दिवस ठरला. आईनं तिखट पुऱ्या तळल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, स्टोव्हची वात बदलली. ठेवणीतली साडी काढून उशाखाली इस्त्रीला दाबली. इतकी खूश मी तिला आधी कधी पाहिली नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी बाबांच्या ओळखीचे एक संत्र्याचे व्यापारी आले. "भाऊ, मुंबईले जाऊन राह्यले म्हणते? अन् गाडी रिकामीच?"

झालं. बाबांना तो शब्द शिवीसारखा लागला. संध्याकाळपर्यंत संत्र्याच्या पेट्या येऊन पडल्या. फळी वर उचलून दोरीनं बांधली गेली आणि पेट्या थेट टपापर्यंत चढल्या. पुढं बाबांच्या बाजूला फक्त आम्ही दोघं भावंडं मावत होतो. आई पुऱ्यांचा डबा हातात धरून अंगणात उभी होती.

"अन् मी?" ती म्हणाली.

बाबा दोर आवळत होते. वर न बघता म्हणाले, "आता जागा कुठं हाय? पेट्यायवर बसून का जाशीन इतक्या लांब? पुढच्या खेपेले नेतो तुले."

मी गाडीला मिठी मारून बोंब ठोकली. आई नाही तर मी पण नाही! आईनंच मला उचलून आत बसवलं. "चूप बस. वरून काय काय दिसते ते नीट पाह्यजो अन् मले सांगजो," म्हणाली. डबा माझ्या मांडीवर ठेवला. गाडी वळली तेव्हा ती अजून अंगणातच होती. बाबा वाईट नव्हते हो. बैलाला उपाशी ठेवू नये तसं गाडीला रिकामं ठेवू नये, इतकंच त्यांना कळत होतं. पण बाप्पा, माणसाला काही दिसू नये का?

झोप तर सगळ्यांची बसूनच झाली. मुंबईत आधी संत्री उतरवली, मग पार्क गाठला तोवर दुपार कलली होती. गर्दी इतकी, की पाळण्याच्या रांगेतच उन्हं उतरली. वर गेलो तेव्हा भाऊ डोळे मिटून मला चिकटला. मी डोळे टक्क उघडे ठेवले. आणि दिसला की समुद्र. लांब, राखाडी, आपल्या तलावासारखाच, फक्त पलीकडचा काठ नसलेला.

घरी आल्यावर आईनं खोदून खोदून विचारलं. कोण्या बाजूनं दिसते? चढताना का उतरताना? मी म्हटलं, डाव्या बाजूनं, चढताना. "मंग मी डाव्या बाजूनं बसन," आई म्हणाली, आणि पडदा धुवायला घेतला.

पुढची खेप आली नाही. बाबा म्हणायचे, नेतो, नेतो. मी कॉलेजात गेले, फळी वर बांधलेलीच राहिली, तिच्या दोरीला सांबाराच्या जुड्या लटकायला लागल्या. दोन हजार सालानंतर एका हिवाळ्यात आई वावरातच चक्कर येऊन पडली. काकांनी तिला सावंगीच्या दवाखान्यात नेलं, पण ती डोळे उघडून काही बोलली नाही. गेली.

बाबा बाजाराला निघालेल्या भरल्या गाडीनिशीच दवाखान्यात आले होते. तिला घरी न्यायला ॲम्ब्युलन्स मिळत होती. ते नको म्हणाले. फाटकाबाहेर त्यांनी एकट्यानं सगळी फुलकोबी रस्त्याच्या कडेला उतरवली. येणारेजाणारे बघत होते, कुणी एखादा गड्डा उचलून नेत होते. बाबांनी कुणाला हटकलं नाही. मग आत चढून त्यांनी फळीची दोरी सोडली. गाठ इतक्या वर्षांची, निघेना. शेवटी दातांनी सोडवली.

त्या फळीवर आई तेव्हा पहिल्यांदा झोपली. पाय पसरून. बाबांच्या मापाची फळी ती, तिच्या पायाशी चांगली हातभर जागा उरली. मी तिच्या उशाशी बसले.

सावंगीच्या चौकात नेहमीचा एक दुकानदार दोन पोती घेऊन उभा होता. त्यानं हात केला. सवयीनं बाबांचा पाय ब्रेकवर गेला.

"गाडी रिकामी हाय का, भाऊ?"

बाबांनी मागं वळून फळीकडं पाहिलं. "जागा नाई, गा," ते म्हणाले, आणि पुढं त्यांना गाडी चालवता येईना. स्टीअरिंगवर डोकं ठेवून ते तिथंच रडले. त्या दुकानदारानं पोती खाली ठेवली आणि मागच्या गाड्या बाजूनं काढून दिल्या.